सशाच्या मागावर

पळण्याची हौस पुष्कळांना असते; पण शर्यतीत पहिला येण्याची ताकद फार थोड्यांच्या अंगी असते. मग जो कधीच पहिला येणार नाही, त्याने पळावे तरी कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर एका विनोदी, काहीशा बदनाम मंडळाने दिले आहे. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. मंडळाचे नाव 'हॅश हाउस हॅरियर्स'.

त्याचे मूळ इंग्लंडमधील शाळांत सापडते. एकोणिसाव्या शतकात तेथील मुले 'ससा आणि शिकारी कुत्रे' हा खेळ खेळत. दोघे-तिघे ससे होऊन कागदाचे कपटे टाकीत रानोमाळ पळत आणि बाकीचे तो माग काढीत त्यांचा पाठलाग करीत. 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज' या १८५७ सालच्या कादंबरीत या खेळाचे वर्णन आले आहे. १८६८ साली लंडनमध्ये 'टेम्स हेअर अँड हाउंड्स' हे मंडळ निघाले, आणि या खेळातूनच पुढे क्रॉस-कंट्री शर्यत आकाराला आली. शर्यत आली तशी घड्याळे आली, क्रमांक आले. खेळातला खेळकरपणा मात्र मागे पडला.

तो खेळकरपणा जिवंत राहिला तो दूर मलायात. १९३८ साली क्वालालंपूर येथे ॲल्बर्ट गिस्पर्ट या हिशेबतपासनिसाने काही मित्रांना जमवून हे मंडळ सुरू केले. गिस्पर्ट स्वतः मोठा धावपटू नव्हता. धावण्याइतकेच धावून झाल्यानंतरच्या थंड बिअरचे त्याला अगत्य होते. यांतील बरीच मंडळी सेलांगोर क्लबच्या ज्या खानावळीत जेवत, तेथील नीरस अन्नामुळे तिला 'हॅश हाउस' असे टोपणनाव पडले होते. तेच नाव मंडळाने आनंदाने घेतले. 'हॅरियर' म्हणजे सशाच्या शिकारीचा कुत्रा.

या खेळाची खरी युक्ती त्याच्या मागात आहे. ससे कागदाने, पिठाने किंवा खडूने खुणा करीत जातात. पण मध्येच माग तुटतो, तर कुठे मुद्दाम खोटी वाट काढलेली असते. सर्वांत वेगाने धावणारा गडी उत्साहाने त्या खोट्या वाटेला लागतो आणि हात हलवीत परत येतो. खरी वाट सापडेपर्यंत मागून धापा टाकीत येणारी मंडळीही तेथे येऊन पोचतात. मग 'ऑन ऑन' असा पुकारा होतो आणि सारेजण पुन्हा एकत्र निघतात. ज्याचे पाय जलद, त्याच्या वाट्याला चकवे अधिक! अशा रीतीने बलवान आणि दुर्बल यांना एकाच वेळी मुक्कामी पोचविण्याची सोय या खेळाने केली.

लवकरच युद्ध आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूरच्या लढाईत गिस्पर्ट मारला गेला. जपानी अंमलात मंडळ लुप्त झाले. परंतु १९४६ साली उरलेले मित्र पुन्हा पळू लागले. बेनेट नावाच्या सभासदाने तर युद्धात गमावलेले पेले, एक पत्र्याचे टब आणि दोन जुनी पोती यांची भरपाईही मागितली! १९५० साली मंडळाची रीतसर नोंदणी झाली तेव्हा उद्दिष्टे लिहून दिली ती अशी: शरीर तंदुरुस्त ठेवणे, सुटीतील मद्यपानाचा शीण घालविणे, चांगली तहान मिळवून ती बिअरने भागविणे, आणि आपण स्वतःला वाटते तितके म्हातारे नाही, हे वडीलधाऱ्या सभासदांना पटविणे.

सिंगापूरला १९६२ साली शाखा निघाली. त्यानंतर नोकरीनिमित्त देशोदेशी जाणाऱ्यांनी हा खेळ सामानाबरोबर नेला. आज जगात अशी हजाराहून अधिक मंडळे आहेत. त्यांवर कोणाही मध्यवर्ती संस्थेची सत्ता नाही. १९७८ साली हाँगकाँगला त्यांचे पहिले जागतिक संमेलन झाले, तर २००२ साली ते आपल्या गोव्यात भरले. आरंभी हा केवळ पुरुषांचा, आणि तोही बहुतांशी गोऱ्या अधिकाऱ्यांचा मेळा होता. १९७० नंतरच्या दशकात स्त्रियांची मंडळे निघाली. पुढे पुष्कळ ठिकाणी स्त्रीपुरुष एकत्र धावू लागले, आणि वसाहतीचा हा खेळ तेथल्या स्थानिक लोकांचाही झाला.

यात सारेच स्तुत्य आहे असे नाही. धावून झाल्यावर रिंगण करून, एखाद्याची क्षुल्लक चूक काढून त्याला पेला एका दमात रिकामा करावयास लावणे ही थट्टा कित्येकदा मर्यादा ओलांडते. निरुपद्रवी पिठाचीही एकदा पंचाईत झाली. अमेरिकेतील न्यू हेवन शहरात २००७ साली अशा पांढऱ्या खुणा पाहून विषारी भुकटीच्या संशयाने एकच खळबळ उडाली, आणि खुणा करणाऱ्यांना अटक झाली.

तथापि पेला बाजूला ठेवला तरी एक गोष्ट शिल्लक राहते. साम्राज्य गेले, त्याचे अनेक क्लब इतिहासजमा झाले; पण हा खेळ टिकला. कारण त्याने जिंकणाऱ्याला बक्षीस दिले नाही, तर मागे पडणाऱ्याची वाट पाहिली.