जयंतीला बाटल्यांची खोकी नकोत, नळाचे पिंप ठेवा



भीमजयंती आली की विहारात वर्गणी जमते आणि पाण्याच्या बाटल्यांची खोकी येतात. जरा हिशेब करू. 200 माणसांनी अर्ध्या लिटरच्या दोन-दोन बाटल्या घेतल्या, तर 400 बाटल्या. दहा रुपयांप्रमाणे 4,000 रुपये. तेवढेच पाणी 20 लिटरच्या दहा पिंपांत मावते.

दुसऱ्या दिवशी त्या बाटल्यांचे काय होते? काही नाल्यात जातात. पावसात नाला तुंबतो आणि घाण पाणी आधी आपल्याच घरात शिरते. काही छपरावर पडून राहतात. त्यात साठलेल्या थोड्याशा पाण्यातही डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. काही बाटल्या चूल किंवा बंब पेटवायला वापरतात. तो विषारी धूर लहान मुलांना, गरोदर बाईला, दमेकऱ्याला फार बाधतो. प्लास्टिक कधीही जाळू नका. उरलेल्या बाटल्या उचलतात ते सफाई कामगार आणि कचरा वेचणाऱ्या बाया. त्यांतली कितीतरी आपलीच माणसे.

"पण ताई, नळाचे पाणी गढूळ येते," असे मला बाया सांगतात. त्यांची भीती खोटी नाही. म्हणून घरचे पाणी आधी भरवशाचे करा:

• पाणी स्वच्छ सुती कापडाच्या चार पदरांतून गाळा. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांतही पाणी गाळण्याचे साधन असते. मात्र गाळल्याने जंतू मरत नाहीत.
• गाळलेले पाणी खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या. गॅस परवडत नसेल तर आशाताईंकडे क्लोरीनच्या गोळ्यांची चौकशी करा. प्रमाण त्यांना विचारूनच ठरवा.
• भांडे झाकून ठेवा. पाणी नळाने किंवा लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्या, हात बुडवू नका.
• शाळेत, कामावर, चैत्यभूमीला जाताना हेच पाणी स्टीलच्या बाटलीत न्या.

विकतची बाटली महिनोन्‌महिने भरून वापरू नका. तिचे तोंड अरुंद, आतून घासता येत नाही, म्हणून आत बुळबुळीत थर धरतो आणि त्यात जंतू वाढतात. रिकामी बाटली कोरडी करून, दाबून वेगळ्या पोत्यात जमवा आणि भंगारवाल्याला किंवा कचरा वेचणाऱ्या ताईला द्या.

विहारात नळ असलेली पिंपे आणि स्टीलचे पेले ठेवा. पेले साबणाने धुण्याची पाळी तरुण मुला-मुलींनी मिळून घ्यावी, ते काम फक्त बायांवर टाकू नका.

शेवटचे, पण महत्त्वाचे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते सार्वजनिक पाण्यावरच्या हक्कासाठी. पुढे कोर्टात खटला चालला आणि 1937 मध्ये हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. आपण मात्र नळाला घाण पाणी आले की गुपचूप बाटली विकत घेतो. असे करू नका. गल्लीतल्या सर्वांच्या सह्यांचा अर्ज वॉर्ड ऑफिसात द्या, त्याची पोच घ्या, पाणी तपासायला सांगा. उत्तर आले नाही तर पुन्हा जा.

विहार समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर मांडा. पिंपे भाड्याने घ्यायची की विकत, एवढेच तिथे ठरवायचे आहे.