पिन तीच, क्रमांक निराळा

जळगांवाहून पारोळ्यावरून धुळ्यास जाणाऱ्या एस. टी. गाडींत एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थी मांडीवर खोकें सांभाळीत बसलेला असतो. खोक्यांत दोन चाकांची लहानशी गाडी असते. कपाशीच्या दोन ओळींमधून ती आपली आपण चालावी आणि आडवें कांहीं आलें तर थांबावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. चार महिन्यांचे श्रम, घरून मागून घेतलेले कांहीं हजार रुपये आणि दुसऱ्या दिवशीं परीक्षकांसमोर व्हावयाचें प्रात्यक्षिक, इतकें सारें त्या खोक्यांत असतें. आदल्या रात्रीं गाडीवर बसविलेल्या चिमुकल्या संगणकानें नव्या सुधारणा उपलब्ध असल्याचें पडद्यावर सुचविलेलें असतें, आणि विद्यार्थ्यानें विश्वासानें होकार दिलेला असतो. धुळ्यास पोंचल्यावर दिवा लागतो, संगणक सुरू होतो. पण चाकें हालत नाहींत.

अशा वेळीं माणसाचा हात प्रथम तारांकडे जातो, आणि तेथेंच घात होतो. तारा काल चालत होत्या. रात्रींतून त्यांना कांहीं झालेलें नाहीं. बदललें आहे तें संगणकाच्या पोटांतील कार्यप्रणालींत. तरीही तारा उपटून पुन्हां लावतांना घाईनें पांच व्होल्टची तार शेजारच्या पिनेला लागते, आणि जो दोष केवळ एका ओळीच्या दुरुस्तीनें गेला असता तो बोर्ड जळूनच संपतो. शाळांतून २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या. जळगांवचें शासकीय महाविद्यालय, गिरणाकांठचें बांभोरी, धुळें, शिरपूर अशा ठिकाणीं अभियांत्रिकीचें शिक्षण चालतें. तेव्हां श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरीं हा प्रसंग आलेला असेल, अथवा यावयाचा असेल.

या कामीं बहुधा वापरला जाणारा संगणक म्हणजे रास्पबेरी पाय. तो २०१२ च्या फेब्रुवारींत इंग्लंडमध्यें विक्रीस निघाला. आकारानें पत्त्याच्या डावाएवढा, आणि एका कडेला पिनांची दुहेरी रांग. आरंभीं पिना २६ होत्या. २०१४ पासून त्या ४० आहेत. यांतील कांहीं पिना वीज पुरवितात, कांहीं भूमीच्या, म्हणजे ग्राउंडच्या, आणि उरलेल्या संदेश देण्याघेण्याच्या. संदेशाच्या पिनेवर ३.३ व्होल्टपेक्षां अधिक दाब चालत नाहीं. रांगेंतील पहिली पिन ३.३ व्होल्टची आणि तिच्या लगतची दुसरी पांच व्होल्टची, हें शेजार ज्यानें योजिलें त्यानें नवशिक्यांचा फारसा विचार केलेला दिसत नाहीं.

आतां घोटाळ्याचें मूळ पाहूं. एकाच पिनेला तीन क्रमांक असतात. पहिला तिच्या जागेचा. रांगेंत मोजून तो येतो. दुसरा त्या संगणकाच्या मुख्य चिपेनें तिला दिलेला, ज्याला जीपीआयओ क्रमांक म्हणतात. तिसरा कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, आपल्या नोंदवहींत तिला देतो तो. जागेनें अकरावी असलेली पिन जीपीआयओच्या हिशेबानें सतरावी आहे. कर्नलच्या वहींत ती पुष्कळ वर्षें सतरावीच होती, म्हणून दुसरा व तिसरा क्रमांक एकच, असा लोकांचा समज झाला. पुस्तकांतून व पाठांतूनही तसेंच शिकविलें गेलें.

पुढें कर्नल सांभाळणाऱ्या मंडळींनीं आपोआप दिल्या जाणाऱ्या क्रमांकांचा प्रारंभ ५१२ पासून करावयाचें ठरविलें. रास्पबेरी पायवर हा फरक ६.६ या आवृत्तीबरोबर २०२४ सालीं आला. तेव्हां १७ चे झाले ५२९. जुन्या पद्धतीनें लिहिलेली आज्ञावली सतरा क्रमांकाचें दार ठोठावीत राहिली. त्या दारामागें कोणीच नव्हतें.

खानदेशच्या माणसाला ही गोष्ट नवी वाटूं नये. १९०६ सालीं खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पुढें तेच जळगांव व धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले. १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार निराळें निघालें. या घडामोडींत तापी हालली नाहीं, कीं नंदुरबारचें स्टेशन हाललें नाहीं. बदलला तो पाकिटावरील पत्ता. जुन्या पत्त्याचें पत्र अनुभवी पोस्टमन ओळखून पोंचवितो. संगणकाजवळ असा पोस्टमन नसतो. तो पत्र परत करितो आणि 'अयोग्य क्रमांक' एवढाच शेरा मारतो.

हा बदल कांहीं अकस्मात् आला नाहीं. फायलींत क्रमांक लिहून पिन हालविण्याची ती जुनी रीत, जिला सिसएफएस म्हणतात, ती सोडून द्यावी असें २०१६ सालींच, ४.८ या आवृत्तीच्या वेळीं, सांगण्यांत आलें होतें. परंतु चालत्या गाडीला कोण हात लावतो?

क्रमांकाप्रमाणेंच फाईलीचीही जागा बदलली. कोणत्या पिनेनें काय काम करावें याच्या सूचना ज्या कॉन्फिग फाईलींत लिहितात, ती पूर्वीं बूट नांवाच्या फोल्डरांत असे. २०२३ च्या ऑक्टोबरांत आलेल्या 'बुकवर्म' या आवृत्तीपासून ती बूटच्या आंत फर्मवेअर नांवाच्या फोल्डरांत गेली. जुन्या जागीं त्याच नांवाची एक फाईल ठेवलेली असते. तींत 'ही बदलूं नका, खरी फाईल तिकडे आहे' अशी सूचना असते. ती न वाचतां जो तेथेंच ओळी लिहीत बसतो, त्याच्या लिहिण्याचा कांहींही परिणाम होत नाहीं.

तिसरा प्रकार बोर्डच बदलल्यानें उद्भवतो. मित्राकडून नवा रास्पबेरी पाय ५ उसना घ्यावा, जुनें कार्ड त्यांत घालावें, आणि तरीही पिना मुक्या राहाव्या. कारण असें कीं, पूर्वींच्या बोर्डांत पिना मुख्य चिपेलाच जोडलेल्या होत्या, आणि आरपीआय-जीपीआयओ ही लोकप्रिय लायब्ररी त्या चिपेच्या ठराविक जागीं थेट लिहून त्या हालवी. २०२३ च्या या पांचव्या बोर्डांत पिनांचा कारभार आरपी-१ नांवाच्या निराळ्या चिपेकडे दिला आहे. जुन्या लायब्ररीला तें घर ठाऊकच नाहीं. येथें एलजीपीआयओ ही नवी लायब्ररी, किंवा तिच्यावर बेतलेला जुन्याच नांवाचा पर्याय वापरावा लागतो. जीपीआयओ-झीरो वापरणाऱ्यास मात्र बहुधा आज्ञावली बदलावी लागत नाहीं.

मग धुळ्यांतील त्या विद्यार्थ्यानें काय करावें? प्रथम मोटारींची बॅटरी काढून ठेवावी. चुकून चाकें सुटलीं तर गाडी टेबलावरून खालीं येते, आणि मग खरोखरच तारा तुटतात. नंतर संगणक एकटाच सुरू करून त्याला चार प्रश्न विचारावे. 'पिनआऊट' या आज्ञेनें बोर्ड कोणता आहे व त्याच्या पिना कशा मांडल्या आहेत, तें चित्रासारखें दिसतें. 'युनेम' या आज्ञेनें कर्नलची आवृत्ती कळते. 'जीपीआयओ-इन्फो' या आज्ञेनें प्रत्येक पिन कोणाच्या ताब्यांत आहे, तें समजतें. 'पिनकंट्रोल' ही आज्ञा प्रत्येक पिन या क्षणीं काय काम करीत आहे, तें सांगते. हिचें उत्तर विशेष लक्षपूर्वक वाचावें. पिन मोकळी आहे असें आपण समजतों, पण तिच्यावर दुसऱ्याच कोणाचा ताबा असतो. जीपीआयओ १४ व १५ सीरियल संदेशांकडे असतात; तेथें मोटारीचा ड्रायव्हर जोडलेला असला तर संगणक सुरू होतांना चाकें उगीच थरथरतात. एसपीआय चालू केलें कीं ७ पासून ११ पर्यंतच्या पांच पिना गुंततात.

एवढ्यानें उलगडा न झाला तर चाकें, सेन्सर सर्व बाजूला ठेवून जागेनें अकराव्या व सहाव्या पिनेमध्यें ३३० ओहमच्या रोधकासह एक एलईडी जोडावा आणि तो पेटविण्याची चार ओळींची आज्ञावली लिहावी. तो पेटला तर पिन निरोगी आहे, आणि दोष मोठ्या आज्ञावलींत शोधावयाचा. तो पेटला नाहीं, तरच तारांकडे वळावें. पुष्कळ मुलें हा क्रम उलटा करितात.

सुधारणा मुळींच घेऊं नयेत, असें सांगणारे लोक भेटतात. जें यंत्र इंटरनेटला जोडलेलें आहे त्याच्या बाबतींत हा सल्ला धोक्याचा आहे. सुधारणा घ्याव्या, पण प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्रीं नव्हे, आणि कार्डाची प्रत करून ठेवल्यावांचून तर कधींच नव्हे. प्रत असली म्हणजे धुळ्याच्या बसस्टँडवरही पांच मिनिटांत जुनी स्थिति परत आणतां येते. शिवाय एक वही असावी: बोर्डाचें नांव, प्रणालीची व कर्नलची आवृत्ति, आणि प्रत्येक तारेपुढें तिच्या पिनेचा जागेचा व जीपीआयओचा, असे दोन्ही क्रमांक. मोबाईलमध्यें तारांचा फोटो काढून ठेवणें सोपें खरें. पण फोटोंत कर्नल दिसत नाहीं.

हें सारें खेळण्यापुरतें असतें तर इतकें सांगण्याचें कारण नव्हतें. जळगांवकडील केळीच्या बागांत ठिबकाचे वॉल्व व विहिरीवरचा पंप अशाच बोर्डानें व रिलेनें चालविण्याचा प्रयोग मुलें हौसेनें करितात. बोर्ड सुरू होतो तेव्हां आज्ञावलीनें ताबा घेईपर्यंत पिना आपल्या स्वाभाविक स्थितींत असतात. जीपीआयओ ० ते ८ वर ओढलेल्या, ९ ते २७ खालीं. दोन व तीन या पिनांवर तर १.८ किलोओहमचे रोधक बोर्डावरच कायमचे बसविलेले आहेत. दाब वर गेल्यावर चालू होणारा रिले जर या पिनेवर जोडला, तर वीज येतांच तो लागूं शकतो. आणि सुधारणेनंतर आज्ञावलीला पिन सांपडलीच नाहीं, तर तो तसाच लागून राहतो. विहिरीवर त्या वेळीं कोणी मोटारीला हात लावून बसलेला असूं शकतो. असा रिले सतरा किंवा सत्तावीस यांसारख्या खालीं राहणाऱ्या पिनेवर घ्यावा, कॉन्फिग फाईलींत ती पिन आरंभापासून खालीं धरण्याची एक ओळ लिहावी, आणि पंपाच्या मुख्य तारेवर हातानें बंद करावयाचा स्विच ठेवावा.