वांड लेकराचं म्हणणं

हिंगोली जिल्ह्याने महाराष्ट्राला दिलेलं सर्वांत हट्टी मूल म्हणजे नामदेव. नर्सीत जन्मलेल्या या पोराने विठ्ठलापुढे नैवेद्याचं ताट ठेवलं आणि देव जेवला नाही तर डोकं आपटून घेईन, असा धोशा लावला. ही कथा वारकऱ्यांच्या घरात शतकानुशतकं कौतुकाने सांगितली जाते. कथेतल्या हट्टाचे गोडवे गाणारे आपण घरातल्या हट्टाला मात्र चापट देऊन मोकळे होतो.

सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, कुठल्याही तालुक्यातल्या शाळेत जा, एक तरी तक्रार ऐकू येतेच. "सर, ह्याला चांगलं सडकून काढा, लई वांड झालंय," असं आजीच येऊन सांगते. कुणी दुसऱ्याची वही फाडतं, कुणी दगड भिरकावतं, कुणी वर्षभर तोंडातून शब्द काढत नाही. यावर ठरलेले उपाय तीन: मार, अंगारा आणि हल्ली हातात मोबाइल. तिन्हींनी लेकरू थोडा वेळ गप्प बसतं. त्याला काय होतंय, ते मात्र कुणी विचारत नाही. आणि विचारलं तरी सात वर्षांच्या मुलाला ते सांगता कुठे येतं?

वागण्याच्या मागे

दसरा-दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. लेकरू आजीपाशी राहतं किंवा फडावर जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततं. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे; जेवणाची, शाळेची सोय त्यात होते. पण पाच-सहा महिने आई दिसत नाही याचा राग कुठे काढायचा, याची सोय कुठल्याच योजनेत नाही. मग तो शेजारच्या पोराच्या पाठीवर निघतो.

कुणाच्या घरात दारू असते, कुणाच्या घरात कर्जापायी झालेली आत्महत्या. भीतीची आणखी एक जागा या जिल्ह्याच्या पायाखालीच आहे. वसमत, औंढा, कळमनुरीच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात. २०२४ साली २१ मार्चला आणि १० जुलैला भूकंपाचे धक्केही बसले. त्यानंतर एखादं मूल घरात झोपायला तयार नसेल, तर तो हट्ट नव्हे.

कधी कारण शरीरात असतं. कमी ऐकू येणारं मूल हाकेला ओ देत नाही म्हणून उर्मट ठरतं. फळ्याकडे बघता बघता काही सेकंद हरवणाऱ्या मुलाला फेफऱ्याचा एक सौम्य दिसणारा प्रकार असू शकतो. अतिचंचलता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता असलेली मुलंही आपल्याकडे 'वांड' किंवा 'ढ' या दोनच खात्यांत जमा होतात.

खेळातून उपचार

मोठा माणूस दुःख बोलून मोकळा होतो. मूल ते खेळून दाखवतं. लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस मुलांपुढे वाळू आणि छोटी खेळणी ठेवली आणि मुलं त्यात आपलं अवघं जग मांडू लागली. पुढे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचाराने घडलेल्या व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४७ साली 'प्ले थेरपी' हे पुस्तक लिहून बालकेंद्री खेळोपचाराची तत्त्वं मांडली. मूल आहे तसं स्वीकारायचं. वाट त्याने दाखवायची, मोठ्याने मागून चालायचं. घाई करायची नाही. आपला प्रश्न सोडवण्याची ताकद त्याच्यात आहे, यावर भरवसा ठेवायचा. आणि बंधनं घालायची ती अगदी गरजेपुरती.

प्रत्यक्षात हे असं चालतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीत मूल येतं. खेळणी साधारण तीन तऱ्हांची: बाहुल्या, भांडी, डॉक्टरची पेटी ही रोजच्या जगण्यातली, वाघ, साप, सैनिक ही राग काढायची, आणि रंग, माती, वाळू ही घडवायची. मुलाने बापाची बाहुली आपटली तर उपचारक "असं करू नये" म्हणत नाही. "या बाबांचा फार राग आलाय," एवढंच म्हणतो. मूल त्याच्यावरच हात उगारायला लागलं तर मात्र सांगतो, "राग आलाय ते कळलं. पण मला मारायचं नाही. या उशीला मार." भावनेला पूर्ण मुभा आणि कृतीला मर्यादा, एवढ्यात या पद्धतीचं मर्म आलं.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी शिक्षेविना शिकवणारी बालशाळा १९४५ साली बोर्डीत, म्हणजे खेड्यात आणली. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासोबत त्या आदिवासी मुलांसाठी अंगणात आणि गुरं चरतात त्या कुरणातही शाळा घेऊन गेल्या. तो उपचार नव्हता, शिक्षण होतं. पण मूल जिथे आहे तिथे मोठ्याने जायचं, हे सूत्र तेच.

साधनं घरचीच

यासाठी परदेशी खेळणी लागत नाहीत. पोळ्याला घरोघर मातीचे बैल होतात; ती माती एका दिवसापुरतीच का असावी? बोलायला न धजणारं मूल माती थापतं, मोडतं, पुन्हा घडवतं. मोडलेलं पुन्हा घडवता येतं, हा अनुभव त्याला हाताने मिळतो. भातुकलीत आई-बापाचं भांडण जसंच्या तसं उतरतं. भारुडात माणूस विंचू होतो, भूत होतो आणि स्वतःच्या तोंडाने जे बोलवत नाही ते सोंगाच्या तोंडाने बोलतो. "मला भीती वाटते" हे न सांगणारा मुलगा जुन्या मोज्याच्या बाहुलीकडून ते सहज वदवून घेतो.

उपचारक प्रत्येक गावात मिळणार नाहीत, हे खरं. पण १९६० च्या दशकात बर्नार्ड आणि लुईस गर्नी या दांपत्याने आई-वडिलांनाच ही पद्धत शिकवायला सुरुवात केली. आठवड्यातून अर्धा तास, फक्त त्या मुलासाठी. खेळोपचाराच्या ९३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात या उपचाराचा चांगला परिणाम दिसला, आणि प्रशिक्षित आई-वडिलांनी घेतलेल्या खेळाचा परिणाम व्यावसायिकांपेक्षाही जास्त आढळला. हिंगोलीसारख्या जिल्ह्याला यातून मोठा धडा घेता येईल. अंगणवाडी सेविका, वसतिगृहातल्या काळजीवाहक आणि नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या यांना हे शिकवता येण्याजोगं आहे.

खेळाच्या मर्यादा

खेळ म्हणजे सगळ्यावर औषध नव्हे. बहिरेपण खेळून जात नाही, फेफऱ्याला औषधच लागतं. स्वमग्न मुलाला वाचा-उपचार आणि विशेष प्रशिक्षण लागतं. अतिचंचल मुलाच्या पालकांना वेगळं मार्गदर्शन आणि कधी मुलाला औषधंही लागतात. म्हणून आधी तपासणी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. विकासातला विलंब, स्वमग्नता, अतिचंचलता यांचा त्यांच्या यादीत समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी 'वांड' मुलाला वर्गाबाहेर न पाठवता पहिल्या रांगेत बसवा. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची रचना आहे. घरबसल्या सल्ल्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, आणि मुलावर अत्याचार होत असल्याची शंका आली तर १०९८.

शिक्षकांनी एवढं लक्षात ठेवावं, की शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं या दोन्हींना बंदी आहे. "सडकून काढा" म्हणणाऱ्या आजीला हे समजावणं हाही शाळेच्या कामाचाच भाग.

पालकांना सांगणं थोडकं आहे. आठवड्यातला एक अर्धा तास ठरवा. मोबाइल दूर ठेवा, माती किंवा रंग पुढे ठेवा, शिकवू नका, सुधारू नका, चौकशा करू नका. लेकरू नेईल तिकडे जा. मूल स्वतःला इजा करत असेल, खाणं-झोप तुटली असेल किंवा वागणं एकाएकी बदललं असेल, तर त्या अर्ध्या तासाची वाट न पाहता डॉक्टरकडे जा. वांड लेकराला सरळ करण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घेणं, हे आपलं मोठ्यांचं काम आहे.