जग बुडणार हे कळूनही नोहा गप्प का राहिला?

महापूर, भलंमोठं तारू आणि त्यात जोडीजोडीने शिरणारे प्राणी. नोहाची गोष्ट बहुतेकांना एवढीच माहीत असते. पण बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात ती वाचली, की एक गोष्ट लक्षात येते. पूर येऊन ओसरेपर्यंत नोहाच्या तोंडी एकही वाक्य नाही.

नेमकं काय घडतं?

पृथ्वीवर हिंसाचार माजलेला असतो. देव सगळं बुडवायचं ठरवतो. वाचणार फक्त नोहा आणि त्याचं कुटुंब, कारण नोहा ‘नीतिमान’ आहे. देव त्याला ३०० हात लांब, ५० हात रुंद आणि ३० हात उंच असं तीन मजली तारू बांधायला सांगतो. नोहा सांगितलं तसं सगळं करतो. बाकीच्यांचं काय, हे मात्र विचारत नाही. त्याचे पहिले शब्द येतात थेट नवव्या अध्यायात, तेही नातवाला शाप देताना.

मग त्याला नीतिमान म्हणायचं का?

हा वाद जुना आहे. बायबल नोहाला ‘आपल्या पिढीत’ नीतिमान म्हणतं. ज्यू धर्मातल्या तालमुद ग्रंथात याचे दोन अर्थ सापडतात. एक, वाईट लोकांत होता म्हणून तो उठून दिसला. दुसरा, अशा लोकांत राहूनही चांगला राहिला, म्हणजे चांगल्या पिढीत तो आणखी मोठा ठरला असता.

ख्रिस्ती परंपरेत नोहाचं आज्ञापालन हे विश्वासाचं उदाहरण मानलं जातं. कुराणातला नूह मात्र गप्प नाही. तो ९५० वर्षं आपल्या लोकांमध्ये राहतो, त्यांना समजावतो आणि बुडालेल्या मुलासाठी देवाला आळवतो.

अब्राहामाशी तुलना का होते?

सदोम शहराचा नाश होणार हे कळल्यावर अब्राहाम देवाशी चक्क घासाघीस करतो. ५० नीतिमान सापडले तर शहर वाचवशील का? ४५? ४०? असं करत तो १० वर येतो. शहर वाचत नाही, पण तो सहा वेळा बोलतो.

मात्र पुढे देव त्याच्याच मुलाचा, इसहाकाचा बळी मागतो, तेव्हा हाच अब्राहाम एकही प्रश्न विचारत नाही. पहाटे उठून निघतो. शेवटच्या क्षणी देवदूत त्याला थांबवतो.

म्हणजे देवाशी वाद घालणं आणि मुकाट्याने ऐकणं, दोन्ही एकाच माणसात दिसतं. नीतिमान कुणाला म्हणायचं, हा वाद म्हणूनच अजून मिटलेला नाही.