विमा प्रतिनिधी आणि विमेदाराचा हक्क

शाळेतील शिक्षकांच्या खोलीत अथवा कचेरीच्या मधल्या सुट्टीत विम्याचा अर्ज पुढे करणारा गृहस्थ बहुधा परका नसतो. तो कुणाचा मेहुणा असतो, कुणाचा वर्गमित्र असतो, तर कधी त्याच कचेरीतून निवृत्त झालेला सहकारी असतो. 1956 साली राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, तेव्हापासून पगारदार मध्यमवर्गाच्या घरी विमा पोहोचला तो मुख्यतः या ओळखीच्या माणसाच्या पायपिटीमुळे, हे नाकारता येणार नाही. परंतु ओळखीमुळेच एक प्रश्न विचारायचा राहून जातो. हा गृहस्थ कोणाच्या वतीने बोलतो, आणि त्याच्या हाती दिलेला पैसा कायद्याच्या दृष्टीने कोणाला पोचतो?

या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली एका प्रकरणात दिले. एका गृहस्थाने 1986 साली पंचवीस-पंचवीस हजारांच्या चार पॉलिसी घेतल्या होत्या. पुढील वर्षीच्या मार्चचा सहामाही हप्ता सवलतीच्या मुदतीतही भरला गेला नाही. जूनच्या प्रारंभी महामंडळाचा प्रतिनिधी त्यांच्याकडे आला, हप्त्यापोटी धनादेश घेऊन गेला आणि तो वटलाही. रक्कम मात्र महामंडळात जमा झाली नाही. 9 ऑगस्ट 1987 रोजी विमेदाराचा अपघाती मृत्यू झाला आणि दुसऱ्या दिवशी प्रतिनिधीने पैसे भरले! महामंडळाने दावा नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथे वारसांच्या विरुद्ध निकाल लागला. 1972 च्या नियमांप्रमाणे हप्ता स्वीकारण्याचा अधिकार प्रतिनिधीला नव्हता आणि ते नियम राजपत्रात प्रसिद्ध झालेले होते. सबब प्रतिनिधीला दिलेला पैसा महामंडळाला पोचला असे मानता येणार नाही, असा निकालाचा आशय होता.

कायद्याच्या तर्काला हा निर्णय धरून असेल; व्यवहाराशी त्याचा मेळ बसत नाही. राजपत्र वाचून हप्ता भरणारा विमेदार या देशात किती ठिकाणी सापडेल? विमा विकताना ज्याचा शब्द कंपनीचा शब्द म्हणून ऐकवला जातो, पैसा घेताना त्याचा हात मात्र कंपनीचा हात नव्हे, अशी ही विभागणी आहे, आणि तिची किंमत विमेदाराच्या वारसांनी मोजली. अलीकडे काही निवडक प्रतिनिधींना हप्ता स्वीकारून छापील पावती देण्याचा अधिकार मिळालेला आहे, पण तो सर्वांना नाही. पावती कंपनीची असेल तरच पैसा कंपनीला पोचला, असे आजही समजले पाहिजे.

पगारातून हप्ता कापून घेणाऱ्यांच्या बाबतीत मात्र न्यायालयाने दोन वर्षांनी निराळी दृष्टी स्वीकारली. दिल्लीच्या वीजपुरवठा उपक्रमातील एका कर्मचाऱ्याच्या पगारातून हप्ते कापले जात होते, परंतु ते महामंडळाकडे वेळेवर पाठवले गेले नव्हते. कर्मचारी वारला आणि पॉलिसी बंद पडल्याचे त्याच्या विधवेला सांगण्यात आले. 1999 च्या निकालात न्यायालयाने मालकालाच या कामापुरता महामंडळाचा हस्तक मानले व दाव्याची जबाबदारी महामंडळावर टाकली. महामंडळ आणि मालक यांच्यातील पत्रव्यवहार कर्मचाऱ्याला माहीतच नव्हता, तेव्हा तो त्याच्या विरुद्ध वापरता येणार नाही, ही त्यातील भूमिका महत्त्वाची आहे. हाच न्याय घरोघरी जाणाऱ्या प्रतिनिधीच्या बाबतीत का लागू नसावा, हा प्रश्न उरतोच.

हप्त्यापेक्षाही अधिक तक्रारींचे मूळ विक्रीत असते. आयुर्विम्यात प्रतिनिधीची दलाली पहिल्या वर्षी सर्वांत जास्त असते. 1938 च्या कायद्यातील जुन्या तरतुदीप्रमाणे ती पहिल्या हप्त्याच्या शेकडा 35 पर्यंत जाऊ शकत असे आणि पुढे शेकडा 5 वर येत असे. साहजिकच जुनी पॉलिसी मोडून नवी घेण्याचा आग्रह होतो, मुदत ठेव म्हणून पंधरा वर्षांचा विमा गळ्यात मारला जातो. अर्ज प्रतिनिधी भरतो, सही विमेदार करतो. मधुमेहाच्या रकान्यात ‘नाही’ कोणी लिहिले हे दाव्याच्या वेळी सिद्ध करणे कठीण जाते. पहिल्या हप्त्यात काही रक्कम परत मिळावी म्हणून हात पुढे करणारे विमेदारही कमी नाहीत. कलम 41 प्रमाणे अशी सूट देणे आणि घेणे या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. ती घेतलेला माणूस पुढे तक्रार करण्यास कचरतो, हे प्रतिनिधी पुरते ओळखून असतो.

यावर उपाय आहेत, परंतु त्यांचा क्रम ठाऊक हवा. पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. 2024 पासून ही मुदत पंधरावरून वाढली. तेव्हा आलेले पाकीट कपाटात न टाकता वाचले पाहिजे. कलम 45 अन्वये तीन वर्षे उलटलेल्या आयुर्विमा पॉलिसीवर चुकीच्या माहितीचा आक्षेप घेण्यास कंपनीला वाव उरत नाही. तक्रार प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी करावी लागते. 2015 च्या दुरुस्तीनंतर प्रतिनिधींची नेमणूक कंपन्याच करतात, म्हणून त्यांच्या वर्तनाची जबाबदारीही तेथेच मागितली पाहिजे. विमा नियामक प्राधिकरणाच्या 155255 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. मात्र प्राधिकरण दाव्याचा निवाडा करीत नाही, ते तक्रार कंपनीकडे पाठवते व तिचा पाठपुरावा करते.

निवाडा हवा असल्यास विमा लोकपाल आहेत. त्यांची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत. फी नाही, वकील नाही. कंपनीने तक्रार फेटाळली अथवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर त्यांच्याकडे जाता येते. 2021 पासून प्रतिनिधींच्या सेवेतील उणिवाही त्यांच्या कक्षेत आल्या आणि 2023 साली भरपाईची मर्यादा तीस लाखांवरून पन्नास लाखांवर गेली. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, विमेदारावर नसतो. त्याला पुढे ग्राहक आयोगाचे दार उघडे राहते. आयोगाकडे 2019 च्या कायद्याप्रमाणे स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. लोकपालांकडील मुदत एका वर्षाची असून ती कंपनीच्या नकाराच्या पत्रापासून मोजली जाते. ‘साहेबांशी बोललो आहे, काम होईल’ या प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनावर घालवलेले महिने त्यातून आपोआप वजा होत नाहीत.