गोठविलेली अंडपेशी आणि घोड्याचा वंश

मावळात घोड्याची ओळख दोन टोकांची आहे. एकीकडे लोणावळ्यास पर्यटकांच्या मुलांना पाठीवर घेऊन फेरी मारणारे तट्टू, तर दुसरीकडे तळेगावजवळच्या नाणोलीस, स्टड फार्मच्या कुंपणाआड मोतद्दाराच्या देखरेखीखाली वाढणारे शर्यतीचे शिंगरू. या दुसऱ्याविषयी, माणसांच्या वंध्यत्वचिकित्सेत अंडपेशी गोठविण्याचा प्रघात पडल्यापासून, एक समजूत दृढ होऊ लागली आहे, ती अशी की, शर्यती जिंकलेल्या घोडीच्या अंडपेशी गोठवून ठेवाव्यात आणि मालकाच्या मर्जीस येईल त्या वर्षी हवी तितकी शिंगरे काढावीत.

शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यापुरता तरी हा मार्ग नियमानेच बंद आहे. त्याची वंशावळ ज्या दप्तरी नोंदली जाते ती स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया पुण्यातच आहे, आणि जगभरच्या तिच्यासारख्या संस्थांप्रमाणे तिचाही दंडक असा की, नर व मादी यांच्या प्रत्यक्ष संयोगातूनच गर्भ राहिला पाहिजे आणि ज्या घोडीस तो राहिला तिच्याच उदरी शिंगरू जन्मले पाहिजे. गोठविलेल्या अंडपेशीतून झालेले शिंगरू कितीही सशक्त असो, त्यास थरोब्रेड म्हणून दाखला मिळत नाही.

दुसरा गैरसमज अधिक खोलवर रुजलेला आहे. वीर्य गोठविता येते, मग अंडपेशी का नाही, असे सहज विचारले जाते. परंतु शुक्राणू लहान, आत पाणी थोडे, तर अंडपेशी ही शरीरातील सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक, पाण्याने भरलेली. आणि घोडीच्या अंडपेशीत मेदाचे कण इतके दाट की सूक्ष्मदर्शकाखाली ती काळपट दिसते. हे पाणी गोठून त्याचे स्फटिक झाले तर पेशी आतून फाटते, म्हणून ती संरक्षक द्रावणात घालून, द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, स्फटिक होण्यास अवधीच न देता काचेसारखी थिजवितात. एवढे करूनही, ज्या नाजूक तंतूंवर गुणसूत्रे ओळीने मांडलेली असतात ते विस्कटतात, आणि पेशीचे बाह्य कवच कठीण होते. प्रयोगशाळेच्या बशीत घोड्याचा शुक्राणू एरवीही ते कवच सहजासहजी भेदीत नाही. त्यामुळे एकच शुक्राणू सूक्ष्म सुईने थेट आत सोडावा लागतो.

कोलोरॅडो राज्य विद्यापीठाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशा थिजविलेल्या २६ अंडपेशी इतर घोड्यांच्या उदरात सोडल्या, तेव्हा अवघे तीन गर्भ दिसले आणि दोन शिंगरे जन्मली. अपरिपक्व अवस्थेतच गोठविलेल्या अंडपेशीपासून पहिले जिवंत शिंगरू मिळाल्याचे बेल्जियममधील गेंट विद्यापीठाने २०१८ साली जाहीर केले. शिंगरे निरोगी होतात, हे यातून सिद्ध झाले. पण वाटेत बहुतेक अंडपेशी गळतात, हेही तितकेच खरे.

अंडपेशी काढल्याने घोडी वांझ होते, ही भीती मात्र अनाठायी आहे. घोडी हजारो बीजकोश घेऊनच जन्मते, आणि दर ऋतुचक्रात बहुधा त्यांतील एकच पिकून इतर आपोआप सुकतात. अल्ट्रासाउंडच्या साहाय्याने सुई घालून निष्णात पशुवैद्य जे काढतो ते मुख्यतः या सुकणाऱ्यांतले असते. रक्तस्राव वा संसर्ग यांचा धोका असतो, परंतु तो थोडा. उलट, वय झालेल्या घोडीची अंडपेशी गोठविल्याने ती तरुण होईल ही आशा व्यर्थ. थंडी काळ थांबविते, मागे फिरवीत नाही.

व्यवहारात जाणते लोक निराळी वाट धरतात. अपरिपक्व अंडपेशी खोलीच्या तपमानावर रात्रभर टिकतात, म्हणून त्या प्रयोगशाळेत पोचवून, फलित करून, सात-आठ दिवसांचा गर्भ गोठविणे अधिक यशस्वी ठरते. बिकानेरच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या शाखेत तर २०२४ साली, घोडीच्या गर्भाशयातून काढून थिजविलेल्या गर्भापासून एक शिंगरू जन्मले. त्याचे नाव राजशान.

माझे लक्ष मात्र भीमथडी घोड्याकडे लागलेले आहे. भीमेच्या खोऱ्यावरून नाव पडलेल्या, मराठ्यांच्या पागेत नावाजलेल्या आणि आजही धनगरांच्या वाड्याचे ओझे वाहणाऱ्या या जातीस अलीकडेच राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे, आणि तिच्यावर थरोब्रेडच्या दप्तराचा निर्बंध नाही. पोटशूळाने एखादी उत्तम घोडी दगावली, तर तिच्या अंडाशयातील अपरिपक्व अंडपेशी काही तासांच्या आत काढून वाचविता येतात. आणि योग्य नराचे वीर्य त्या क्षणी हाताशी नसेल, तर त्या गोठवून ठेवणे हाच उरलेला उपाय असतो. मात्र त्यासाठी वाड्यावरून निरोप घोडी पुरल्यावर नव्हे, तिने प्राण सोडला त्याच घटकेस पशुवैद्याकडे गेला पाहिजे.