लेझरची लेन्स पुसण्याआधी नीट बघा

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. ट्रॉफी आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे, ६० वॉटचं सीओटू लेझर कटिंग मशीन घेतलंय. म्हणतो, "दादा, ३ एमएमचा एमडीएफ आधी एका फेरीत कापला जायचा, आता दोन फेऱ्या लागतात. पॉवर वाढवू का?"

नको रे बाबा. आधी लेन्स बघ.

का ते सांगतो. ट्यूबमधून निघालेला किरण आरशांवरून वळत वळत लेन्सपर्यंत येतो आणि लेन्स तो बारीक ठिपक्यात गोळा करते. (जाता जाता एक गंमत: हा सीओटू लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं!) लेन्स स्वच्छ असेल तर ती आरपार जाणाऱ्या ऊर्जेचा अर्धा टक्कासुद्धा स्वतःत ठेवत नाही. पण एमडीएफच्या धुराचा चिकट थर बसला की तो थर ऊर्जा शोषतो, तापतो, जळून आणखी काळा होतो. मग आणखी शोषतो. अशा वेळी पॉवर वाढवणं म्हणजे आगीत तेल. शेवटी लेन्स तडकते. आणि ही लेन्स काचेची नसते बरं का. ती पिवळसर दिसते ना, ते झिंक सेलेनाइड. त्याचा धूर आणि चुरा विषारी असतो.

आता मशीन उघडण्याआधीची गोष्ट. स्क्रीनवर स्टॉप दाबून भागत नाही. मेन स्विच बंद करा, प्लगही काढा. ट्यूबला हजारो व्होल्टचा पुरवठा असतो आणि वीज बंद केल्यावरही आत चार्ज उरू शकतो. त्यामुळे ट्यूबच्या लाल वायरीकडे हात न्यायचाच नाही. झाकणाच्या स्विचला मॅग्नेट लावून मशीनला फसवणारे हुशार लोक आपल्याकडे बरेच आहेत. त्यांनी हे ऐका: हा किरण डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो लाल ठिपका फक्त नेम धरण्यासाठी असतो. खरा किरण डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा क्षणात भाजतो, पापणी मिटायलाही वेळ मिळत नाही.

मशीन थंड झालं की लेन्सची नळी काढा. लेन्सची कुठली बाजू वर होती त्याचा आधी मोबाईलवर फोटो घ्या. हे मी विसरलो होतो एकदा, उलटी बसवली आणि अर्धा दिवस फोकस शोधत बसलो. हातमोजे पावडर नसलेले हवेत. लेन्स फक्त कडेनं धरा आणि खाली मऊ कापड अंथरा, म्हणजे निसटली तरी वाचेल.

आणि आता लगेच पुसू नका! मोबाईलचा टॉर्च तिरका धरा, दोन्ही बाजू बघा, कॅमेऱ्यात झूम करा. सुटी धूळ दिसली तर रबरी ब्लोअरनं उडवा. तोंडानं फुंकर नको, थुंकीचे कण बसतात. कंप्रेसरही नको, त्याच्या हवेत तेल असू शकतं. धूळ न उडवता पुसलंत तर तीच धूळ पॉलिश पेपरसारखी घासते, आणि झिंक सेलेनाइड काचेपेक्षा बरंच मऊ असतं. मी स्वतः पहिली लेन्स टी-शर्टला पुसून घालवली आहे. पुसल्यावर चकचकीत दिसली होती, हे विशेष.

धुराचा थर दिसला तर लेन्स टिश्यू किंवा शुद्ध कापसाचा बोळा, त्यावर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब. बोळा मधून कडेकडे हलकेच गोल फिरवायचा आणि टाकून द्यायचा. पुढच्या वेळी नवा. दाबायचं नाही. त्यात घरातलं सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन वगैरे असतं.

आरशांचं जरा वेगळं. घरच्या आरशाची चांदी काचेच्या मागे असते, इथे चकाकता लेप थेट वरच असतो, त्यामुळे ओरखडा थेट लेपावर. आरसा जागेवरच असेल तर ओला टिश्यू एकाच दिशेनं, स्वतःच्या वजनानं ओढा. जोर लावलात तर आरसा हलतो आणि मग अलाइनमेंटची वेगळीच डोकेदुखी.

दोनदा पुसूनही एखादा ठिपका तसाच राहिला, तर तो डाग नाही, लेप जळलाय. तिसऱ्यांदा घासू नका, लेन्स बदला. तडकलेली असेल तर उघड्या हातानं तुकडे उचलायचे नाहीत आणि झाडूही मारायचा नाही. हातमोजे घालून ओल्या टिश्यूनं गोळा करा, डबीत बंद करा, कचऱ्याच्या डब्यात न टाकता विक्रेत्याला परत घेणार का विचारा. चालू मशीनमध्ये तडकून धूर आला तर मशीन बंद, खोली मोकळी, हवा खेळू द्या.

बसवताना साधारणपणे फुगीर बाजू वर, सपाट बाजू कामाकडे. मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर मॅन्युअलचंच ऐका. अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत थांबा, ते पेट घेतं, आणि बाटली मशीनपासून लांब ठेवा. मग झाकण लावून कागदी टेपवर कमी पॉवरची एक पल्स मारा. गोल, नेटका ठिपका आला तर ठीक. लांबट किंवा दुहेरी आला तर लेन्स नीट बसली नाही किंवा आरसा हलला.

आमच्या श्रोत्याने हे सगळं केलं. लेन्सचा फोटो पाठवला, मधोमध वाटाण्याएवढा तपकिरी डाग. दुसऱ्या बोळ्यात निघाला. एमडीएफ पुन्हा एका फेरीत कापला जातोय, जुन्याच पॉवरवर.